कोरलचे तुकडे दगडावर टिकत नाहीत, काय चुकतंय?

खारंपाणी (एडिसन, न्यू जर्सी)
नमस्कार मंडळी. माझी ४० गॅलनची खाऱ्या पाण्याची मासे-कोरलची टाकी आहे, लावून ७ महिने झाले. दोन क्लाउनफिश आणि मुठीएवढी एक टर्बो गोगलगाय. पाणी नीट आहे: स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५, तापमान ७८ फॅरनहाइट, अल्कलिनिटी ८.५, कॅल्शियम ४२०. गेल्या महिन्यात पाच फ्रॅग, म्हणजे वाढवायला कापलेले कोरलचे तुकडे, आणले. झोआचे दोन, दोन तोंडांचा हिरवा हॅमर, एका तोंडाचा टॉर्च आणि केशरी माँटीपोराचा नखाएवढा तुकडा.

सुपरग्लू जेलचा ठिपका प्लगखाली (फ्रॅग ज्यावर चिकटवून विकतात त्या छोट्या चकतीखाली) लावला, टाकीत हात घालून दगडावर मिनिटभर दाबून धरला. बसल्यासारखं वाटतं, पण सकाळी पाहावं तर दोन-तीन तरी वाळूत पालथे. हॅमर दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा एका कडेचं मांस फाटलं, आतला पांढरा सांगाडा दिसतोय. तेव्हापासून तो निम्माच फुलतो. रोज ऑफिसला निघण्याआधी मोबाइलच्या उजेडात वाळू चाचपत बसते, फार जीव तुटतो. चिकटवायचं कसं, आणि कोणता कुठे ठेवायचा, दोन्ही सांगा.

ओहोटी (ह्यूस्टन)
ताई, दगड घासला होता का? सात महिन्यांच्या दगडावर शेवाळाचा बुळबुळीत थर असतोच. तुमचा ग्लू दगडाला नाही, त्या थराला चिकटतोय. जिथे बसवायचं तिथली रुपयाएवढी जागा जुन्या टूथब्रशने खरवडून काढा.

दुसरं, सुपरग्लूला पाणी लागलं की त्यावर लगेच साय धरते. साय धरलेला ग्लू नुसता टेकवला तर आतला ओला भाग दगडापर्यंत पोचतच नाही. म्हणून तुकडा ठेवताना दाबायचा आणि थोडा पिळायचा, बाटलीचं झाकण फिरवतो तसा, म्हणजे साय फाटते. आणि एका ठिपक्याने भागत नाही, वाटाण्याएवढा गोळा हवा.

हॅमरसारख्या जड तुकड्याला नुसत्या ग्लूवर सोडू नका. मी तीन थर देते: ग्लू, इपॉक्सी पुट्टी, पुन्हा ग्लू. पुट्टीचे दोन्ही रंग एक होईपर्यंत कणकेसारखी मळायची. तुकड्याचं बुड कागदी टॉवेलने टिपून घ्यायचं, त्यावर ग्लू, मग लिंबाएवढी पुट्टी, तिच्या खालच्या अंगाला परत ग्लू. दगडावर दाबून कडा अंगठ्याने थापून घ्यायच्या. ग्लू पकड धरतो आणि पुट्टी भार सांभाळते, नुसती पुट्टी ओल्या दगडाला चिकटत नाही. त्याआधी सगळे पंप बंद करा आणि तुकडा बसवल्यावर १५ मिनिटं तसेच बंद राहू द्या. पुट्टी लावल्यावर स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र) एक-दोन दिवस वेड्यासारखा फेसाळतो, तेव्हा त्याचा कप वर उचलून ठेवा.

आणि जमेल तिथे प्लग काढूनच टाका. एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) किंवा किड्यांची अंडी आली तर बहुधा प्लगवरूनच येतात, आणि डिपने, म्हणजे तुकडा औषधी पाण्यात बुडवून, अंडी मरत नाहीत. हॅमरचा दांडा मात्र मांसाच्या खूप खाली, नुसत्या सांगाड्यावरच कापायचा. आत्ता तो जखमी आहे, महिनाभर कापाकापी नको. तपकिरी चिकट बुळका दिसला आणि घाण वास आला तर तो तुकडा त्याच क्षणी टाकीबाहेर काढा, शेजारच्यालाही लागतं.

निळीखाडी (मेलबर्न)
ग्लूचं ओहोटीताईंनी सांगितलंच. माझा संशय त्या टर्बोवर आहे. रात्री दिवे गेले की ती बुलडोझरसारखी फिरते, सैल फ्रॅग तिच्यापुढे टिकत नाही. चिकटवायचे राहिलेले तुकडे तोवर फ्रॅग रॅकवर (काचेला लावायच्या छोट्या मांडणीवर) ठेवा, तीही सोय आहे.

जागेचं सांगतो. आणल्या आणल्या कुणालाच वर चढवू नका. आधी खाली, मग दर चार-पाच दिवसांनी थोडं वर. दुकानातला उजेड आणि तुमचा उजेड सारखा नसतो. हॅमर आणि टॉर्च मधल्या उंचीच्या खाली, झुळूक लागेल पण झोत लागणार नाही अशा जागी. फुललेल्या हॅमरची बोटं लव्हाळ्यासारखी डुलली पाहिजेत. एका बाजूला आडवी पडत असतील तर प्रवाह जास्त आहे. दोघांत निदान वीतभर अंतर ठेवा. रात्री ते लांब दंशक धागे सोडतात, दिवसा दिसत नाहीत. माँटीपोरा वरच्या अंगाला, पण तो ताटलीसारखा पसरतो, त्याच्या खाली कुणाला बसवलंत तर वर्षभरात ते सावलीत जाईल. झोआ वाळूतल्या सुट्या दगडावर ठेवा, नाहीतर सगळा दगड व्यापतात.

झोआ कापताना हातमोजे आणि चष्मा घाला. काही जातींत पॅलीटॉक्सिन असतं, फार घातक विष. तो दगड कधीही उकळू नका, वाफ अंगावर घेणं जिवावर बेतू शकतं.

कोथरूडची_टाकी (पुणे)
वाचून बरं वाटलं. भारतातून वाचणाऱ्यांसाठी एकच सांगतो, इथे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानात कुणी 'चालतं' म्हणून हॅमर दाखवला तरी घेऊ नका. माझ्या टाकीत मासे आणि सिरॅमिकचे दगड. प्रवाळ पाहायचा तर मालवणला स्नॉर्केलिंग करून पाहतो, हात न लावता.

खारंपाणी (एडिसन)
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी सकाळी बसले. दगड घासला तेव्हा पाणी इतकं गढूळ झालं की हातच दिसेना. एवढ्या थरावर ग्लू लावत होते मी! हॅमर पुट्टीवर बसवला, पिळताना आतून बारीकसा 'कच्' असा धक्का बोटांना जाणवला आणि मग तो हललाच नाही. पंप सुरू केले तेव्हा छातीत धडधडत होतं. आज चौथा दिवस, टर्बो काल रात्री त्याच्या अंगावरून गेली, तरी तो जागेवर आहे. फाटलेल्या कडेवर सांगाडा अजून पांढरा आहे, पण आज दुपारी दुसरं तोंड पूर्ण उघडलं.

टॉर्च अजून रॅकवरच आहे. हॅमरपासून वीतभर लांब जागा सापडली की त्याला बसवते.