मदत हवी आहे: 'टच ऑफ ईव्हिल'ची कोणती आवृत्ती दाखवू?

आमचा जुने हॉलिवूडपट बघणाऱ्यांचा छोटा गट आहे. सिनेमा संपला की चहा घेत तासभर वाद घालायचा, हा खरा कार्यक्रम. या वेळी ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' ठरलाय आणि घोडं आवृत्तीवर अडलंय. एक 1958 साली प्रदर्शित झालेली, सुमारे 95 मिनिटांची. दुसरी 1970च्या दशकात सापडलेली, थोडी लांब प्रीव्ह्यू प्रत (प्रदर्शनाआधी चाचणीसाठी दाखवलेली). तिसरी, वेल्सने स्टुडिओला लिहिलेल्या 58 पानी टिपणाबरहुकूम वॉल्टर मर्चने 1998 साली पुन्हा संकलित केलेली.

तिन्ही माझ्याकडे आहेत, त्यामुळे कुठे मिळेल हा प्रश्न नाही. पहिली आणि तिसरी लागोपाठ बघून झाली. 1958च्या प्रतीत सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध अखंड शॉटवर (गाडीत बॉम्ब ठेवला जातो आणि कॅमेरा न थांबता तिच्या मागे जातो) श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत आहे. 1998मध्ये नावं काढलीत, क्लबांतून आणि गाडीच्या रेडिओतून येणारे सूर तेवढे ऐकू येतात. बॉम्बची धास्ती त्यात जास्त जाणवते (मॅन्सिनी गेल्याची चुटपुट लागते ती वेगळी). शिवाय नायक व्हार्गास आणि त्याची बायको सुझन यांचे प्रसंग त्यात आलटून पालटून येतात.

बहुतेकजण हा सिनेमा पहिल्यांदाच बघणार आहेत, सबटायटल्स लागतील आणि हॉल चर्चा धरून तीनच तास मिळणार, म्हणजे दोन आवृत्त्या पूर्ण दाखवणं शक्य नाही.

ज्यांनी दोन्ही बघितल्यात त्यांनी सांगा: नवख्या प्रेक्षकाला कथा कुठल्या आवृत्तीत नीट कळते? आणि 1998ची दाखवलीच, तर जुनी सुरुवात आधी दाखवावी की चर्चेच्या वेळी?