विद्यापीठाचं वायफाय भिंतीबाहेरच्या वस्तीला द्यायचं आहे. कुणी असं काम जवळून पाहिलंय का?

गेट_नंबर_दोन:

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात चौदा वर्षं काम करते. स्विच जळाला, केबल उंदरांनी कुरतडली, वसतिगृहात नेट येत नाही, सगळं आमच्याच टेबलावर येतं.

आमच्या दोन नंबरच्या गेटाबाहेर पत्र्याच्या घरांची वस्ती आहे, दीडेकशे उंबरा असेल. ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय फेकणारा डबा, लावलाय, त्याची रेंज कंपाउंडच्या पलीकडे आठ-दहा फूट झिरपते. तेवढ्याच पट्ट्यात, गटारीवरच्या फरश्यांवर, रोज संध्याकाळी पोरं बसलेली असतात. पासवर्ड त्यांना आमच्याच विद्यार्थ्यांनी दिलाय. वरून सांगितलं की मी तो बदलते आणि दोन दिवसांत पोरं परत तिथंच.

मागच्या महिन्यात पाऊस भुरभुरत होता. बारावीची एक मुलगी ओढणी डोक्यावरून पुढे ओढून, तिच्या आडोशाला मोबाइल धरून, शिष्यवृत्तीच्या अर्जाला वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला जोडत होती. तेवढ्यात रखवालदार उठवायला आला. ती म्हणाली, "काका, एवढं वर जाऊ द्या, मग उठते." मी घरी निघाले होते. छत्री तिच्या मोबाइलवर धरून उभी राहिले, अर्ज जाईपर्यंत. दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलायचा निरोप परत आला. या वेळी मी बदलला नाही. त्याऐवजी प्रस्ताव लिहायला घेतलाय: वस्तीच्या दिशेला तोंड करून बाहेरचे ॲक्सेस पॉइंट लावायचे आणि नेट अधिकृतपणे, फुकट द्यायचं. आमची लाइन एक जीबीपीएसची आहे आणि ऑफिसं सुटल्यावर तिचा आलेख किती खाली येतो, हे मी रोज बघते.

बैठकीत विचारतील की असं कुठल्या विद्यापीठानं केलंय आणि ते टिकलं का. किती अंतरावर काय लावायचं, लोकांचं लॉगिन कसं घ्यायचं, कायद्यानं चालतं का, हेही विचारतील. ज्यांनी हाताने केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

---

पेकान_पार्क:

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि तडक लिहायला बसलो. मी २००६ ला एमएससाठी ह्यूस्टनला राइस विद्यापीठात होतो. तिथल्या प्रा. एडवर्ड नाइटली यांच्या गटानं 'टेक्नॉलॉजी फॉर ऑल' या सेवाभावी संस्थेबरोबर शहराच्या आग्नेय भागातल्या पेकान पार्क वस्तीत असंच फुकट वायफायचं जाळं उभं केलं होतं. काम २००४ मध्ये सुरू झालं. वस्ती कमी उत्पन्नाची, बहुतेक घरं मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांची, लाकडी, एकमजली. पुढे ते जाळं जवळपास ३ चौरस किलोमीटरवर पसरलं आणि ४,००० च्या आसपास लोक ते वापरू लागले. बैठकीत हे उदाहरण बिनधास्त मांडा.

प्रत्येक घरापर्यंत केबल न्यायची नाही, हे त्याचं मर्म. थोड्याच ठिकाणी खरी इंटरनेट लाइन. बाकीचे खांब एकमेकांशी रेडिओनं बोलतात आणि हातोहात डेटा पुढे देतात, आपल्याकडे विहिरीवरून घागरी रांगेनं पुढे सरकवायचे तसं. खांब सुमारे १० मीटर उंच, वर १५ डीबीआय ताकदीचा, चहूदिशांनी लहरी फेकणारा अँटेना. एवढं करूनही एका खांबाचा घरांपर्यंतचा भरवशाचा पल्ला २०० ते २५० मीटरच. कारण झाडं. पेकान हे झाडाचंच नाव आहे आणि तिथं मोठमोठी झाडं घरांवर झुकलेली. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर ओल्या पानांत जिरते. म्हणून कागदावर वर्तुळं काढून खांब रोवू नका. त्या गटाचा सगळा भर आधी मोजण्यावर होता. मीही मदतीला जायचो आणि लॅपटॉप उघडा धरून, गल्लीबोळ पालथे घालत, दर काही पावलांवर सिग्नल लिहून घ्यायचो. तुमच्या वस्तीत कडुनिंब असतील, पत्रे तर आहेतच. पत्र्याच्या घरात लहर दारा-खिडकीतूनच शिरते. दार कुठल्या दिशेला उघडतं, तेही वहीत टिपा.

आणखी एक. खांबाचा आवाज मोठा असतो, मोबाइलचा बारीक. मोबाइलवर रेंजच्या कांड्या पूर्ण दिसतात आणि पान मात्र उघडत नाही, कारण त्याचं म्हणणं परत खांबापर्यंत पोहोचतच नाही. लोक म्हणतात 'नेट खोटं आहे'. म्हणून ताकद वाढवण्यापेक्षा खांब जवळ आणा.

आता जे प्रस्तावात कुणी लिहीत नाही, ते सांगतो. एका दुपारी चार-पाच घरांचं नेट एकदम गेलं. आम्ही अँटेना तपासला, कार्ड बदललं, संध्याकाळ झाली. शेवटी कळलं की ज्या घराला नोड, म्हणजे जाळ्यातला रेडिओचा डबा, लावला होता, तिथल्या आजींनी शिवणयंत्र लावायला नोडचा प्लग काढला होता. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्या भोकात त्यांचं यंत्र कायमचंच लागायचं, आम्ही नंतर आलो. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना चार सॉकेटचा बोर्ड नेऊन दिला, कुठला दिवा म्हणजे शेजारच्या पोरांचा अभ्यास ते दाखवलं, आणि पुढे तो दिवा विझला की पहिला फोन त्यांचाच यायचा. तुमचा प्रत्येक डबा कुणाच्या प्लगवर चालणार, त्या घरात कोण असतं, वीजबिल कोण देणार, हे अँटेनाच्या आधी ठरवा.

विद्यार्थ्यांची कामंही बघा. अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये एमआयटी विद्यापीठाच्या मुलांनी 'रूफनेट' नावाचं जाळं उभारलं होतं, ४ चौरस किलोमीटरमध्ये ३७ छपरं. नोड कुठं बसवायचे याची आखणीच नव्हती. ज्याला हवं त्यानं संच न्यायचा आणि आपल्या छपरावर स्वतः बांधायचा. त्यातल्याच काही जणांनी २००६ मध्ये मेराकी ही वायफाय उपकरणांची कंपनी काढली, ती २०१२ मध्ये सिस्कोनं १.२ अब्ज डॉलरला घेतली. तुमच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाला हे वाक्य जरूर वाचून दाखवा.

---

मिरजेचा_केबलवाला:

कायद्याचं मी सांगतो, हा माझा रोजचा धंदा आहे. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना आहे आणि ऑक्टोबर २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झही बाहेर, उघड्यावर वापरता येतं. खांबाखांबांमधला दुवा ५ वर ठेवा, मोबाइलसाठी २.४ सोडा.

लॉगिनशिवाय उघडं नेट देऊ नका. मोबाइल नंबर आणि ओटीपी घ्यायचा, कोण कधी जोडलं गेलं याची नोंद ठेवायची. उद्या पोलिसांचं पत्र आलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, त्या पोरांना नाही.

विद्यापीठाची ती लाइन परस्पर बाहेर वाटू नका. ती कशासाठी मिळाली आहे हे करारात लिहिलेलं असतं, आधी लेखी विचारा. सोपी वाट म्हणजे पीएम-वाणी, दुकानांतून सार्वजनिक वायफाय देण्याची केंद्र सरकारची योजना. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केली. त्यात नेट वाटणाऱ्या दुकानदाराला परवाना लागत नाही, फी नाही. वस्तीतला किराणावाला किंवा चहावाला धरा, वेगळी ब्रॉडबँड लाइन घ्या, खर्च विद्यापीठानं सोसायचा. प्लगचा प्रश्नही तिथंच सुटतो, दुकान उघडं तेव्हा डबा चालू.

---

वैतरणाकाठ:

मी पालघर तालुक्यातला. आमच्या भागात खामलोलीला आयआयटी मुंबईनं टीव्हीच्या मोकळ्या यूएचएफ पट्ट्यातून, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमध्ये, आसपासच्या गावांना नेट पोहोचवून बघितलं होतं. प्रा. अभय करंदीकर यांचा गट. ही लहर झाडांतून चांगली जाते, पण ते प्रयोगासाठी मिळालेल्या खास परवान्यावर होतं, तुमच्या प्रस्तावात ते धरू नका. यूएचएफवरून गावापर्यंत, आणि गावात साधं वायफाय, अशी रचना होती. त्यातूनच पुढे आलेल्या 'ग्राम मार्ग' या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिला पुरस्कार मिळाला.

त्यांच्या मांडणीत पंचायत सुरुवातीपासून भागीदार होती, हे मला सगळ्यात पटलं. तुमच्याकडे नगरसेवक असेल, महिला बचत गट असेल. त्यांना उद्घाटनाला बोलावण्यापेक्षा पहिल्या बैठकीला बोलवा.

---

गेट_नंबर_दोन:

सगळ्यांचे मनापासून आभार. पेकान पार्कवाले दादा, शिवणयंत्राची गोष्ट वाचून मी काल संध्याकाळी वस्तीत गेले. चौदा वर्षांत गेट ओलांडून आत पहिल्यांदा. बहुतेक घरांत एकच बोर्ड, त्यावर टीव्ही, पंखा आणि मोबाइल पाळीपाळीनं. वस्तीच्या मधोमध अंगणवाडी आहे, तिथं वीज आहे, पण दुपारनंतर कुलूप. तिच्यासमोर पिठाची गिरणी. गिरणीवाल्या काकू रात्री नऊपर्यंत बसतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "डबा लावा की, पण पीठ उडतं, तुमचं यंत्र टिकेल का?" बाहेर लावायचा बंद डबा पिठात चालेल, पण पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये तापेल, म्हणून भिंतीच्या उत्तर बाजूला खुंटी बघून ठेवलीय.

केबलवाले भाऊ, लाइनचा करार काढायला दिलाय. तोवर प्रस्तावात वेगळी लाइन आणि पीएम-वाणीच लिहिते.

येत्या रविवारी इलेक्ट्रॉनिक्सची सहा मुलं मोजायला येणार आहेत. ती छत्रीखालची मुलगीही येते म्हणाली, कुणाचं दार कुठे उघडतं ते तिला माहीत आहे. गिरणीच्या मोटारीमुळे व्होल्टेज खाली-वर होतं, तिथं लहान यूपीएस पुरेल का, की स्टॅबिलायझर वेगळा घ्यावा लागेल? बैठक गुरुवारी आहे, त्याआधी सांगितलंत तर खर्चाच्या तक्त्यात घालते.