मदत हवी आहे: ससून डॉकला बोट अडकली, शाफ्ट वाकलाय

नमस्कार मंडळी,

बाबांची बोट मंगळवारपासून ससून डॉकला अडकून पडली आहे. आम्ही श्रीवर्धनच्या जीवना बंदराचे. मी नोकरीसाठी डोंबिवलीला असते, ऑफिस सुटलं की रोज डॉकवर जाते. पण मशीनकामातलं मला कळत नाही, म्हणून इथे विचारतेय.

मासळी घेऊन मुंबईला येताना खांदेरी बेटाच्या बाहेर बोटीच्या पंख्यात तुटक्या जाळ्याचा गुंता अडकला. एका खलाशाने पाण्यात उतरून तो सुरीने कापला, पण तोवर झटका बसून गेला होता. इंजिन नुसतं चालू ठेवलं तर काही नाही. गिअर टाकला की अख्खी बोट थरथरते आणि शाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या) ग्लँडमधून, म्हणजे तो दांडा बोटीबाहेर पडतो तिथल्या पाणी अडवणाऱ्या तोंडातून, पाणी आत येतं. ओळखीच्या एका बोटीने टोचन करून आणलं, त्यांचे उपकार फिटणार नाहीत.

बाबांनी ग्रीस लावलेली नवी ग्लँडदोरी ठासली, नट आवळले. धार थांबली, थेंब चालूच आहेत. रात्री दर दोन तासांनी ते उठतात, फळी उचलून टॉर्च मारतात आणि अर्धा कापलेल्या तेलाच्या डब्याने पाणी उपसतात. वय बासष्ट. घरी चला म्हटलं तर बोट सोडायला तयार नाहीत.

शाफ्ट काढायचा तर ओहोटीला बोट टेकून मागची बाजू कोरडी पडायला हवी. आज कार्तिक शुद्ध अष्टमी, म्हणजे भांगाची भरती-ओहोटी. पाणी धड चढतही नाही, धड उतरतही नाही. पंखा सुटा करायच्या आत भरती लागते. मोठं उधाण, आणि तेवढीच खोल ओहोटी, थेट त्रिपुरी पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस. तोवर थांबायचं, की टोचन करून गावी न्यायचं? बाबा म्हणतात थांबू. वाटेत ग्लँडने दगा दिला तर काय, ही त्यांची भीती मलाही पटते. पण चार खलाशी बसून आहेत. बोट धंद्याला गेल्याशिवाय त्यांना वाटा नाही. बाबा पदरची खावटी देतायत. दोघं नेपाळचे आहेत, त्यांच्या घरचे पैशांची वाट बघतायत. कोळंबी सोलायला बसणाऱ्या एका मावशींनी काल सगळ्यांना भात-कालवण दिलं, आपणहून. मला रडूच आलं.

जाणकारांनी कृपया सांगा. वाकलेला शाफ्ट लेथवर सरळ करून टिकतो का, की नवाच घ्यावा? मुंबईच्या दारूखाना भागात हे काम चोख करणारं कुणी माहीत आहे का? एका कारागिराने न बघताच नवा शाफ्ट, नवा पंखा असा मोठा आकडा सांगितला, त्यावर विश्वास बसत नाही. बोटीचा विमा आहे, तर शाफ्ट काढण्याआधी विमा कंपनीच्या सर्व्हेअरने बघायलाच हवं का, की फोटो चालतील? हे आधी कळलं तर बरं, एकदा सुटं केल्यावर दाखवणार काय?

आणि कुलाब्याच्या आसपास खलाशांना आंघोळीची, पाठ टेकायची स्वस्त सोय होईल का? डेकवर डासांनी त्यांना फोडून काढलंय.

उद्या संध्याकाळी सातनंतर मी डॉकवरच असेन. कुणा नाखवाकाकांना किंवा मेकॅनिकना येऊन बोट बघता आली तर कृपया मला व्यनि (खासगी निरोप) करा.