मुलं कमी नि मास्तर जास्त? आधी वर्गात येऊन बघा

मास्तरीणबाई:
काल इथे कुणीतरी लिहिलं की इंदूरच्या सरकारी शाळांत मुलं उरली नाहीत, मास्तर फुकटचा पगार खातात. फार लागलं मनाला. आमच्याकडे सहावी ते आठवी 94 मुलं, शिक्षक 3. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई) पस्तीस मुलांमागे एक, हिशोब बरोबर. पण त्याच कायद्यात गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र, भाषा अशा तिन्हींना शिक्षक हवेत असंही आहे. विज्ञानवालं आमच्यात कुणीच नाही. एक सर बीएलओ, म्हणजे निवडणुकीचे बूथ अधिकारी, मतदार यादी घेऊन दारोदार. पूर्णवेळ हेडमास्तर पट 100 च्या वर गेला तरच, म्हणून तो प्रभार माझ्याकडे. सातवी-आठवीच्या मधल्या दारात उभी राहून दोन्ही वर्ग घेते मी, एकीकडे अपूर्णांक, एकीकडे संविधान.

रामबागकर:
बाई, 94 रजिस्टरात ना? होळीआधीचा आदिवासींचा भगोरिया मेळा लागला की अर्धी पोरं झाबुआ-आलिराजपूरला, होळीनंतरही पत्ता नसतो. आणि एक सांगतो, आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई रिटायर झाल्या ती जागा भरलीच नाही. होळकरांच्या गावात ही गत, त्यावर कुणी बोलत नाही.

परदेशीपुरा:
मराठी तुमच्या घरी बोलतात हो! मी अतिथी शिक्षक होतो, सत्र संपलं की घरी. वर्गात बडवानीकडची एक मुलगी, घरी बारेली ही आदिवासी बोली, शाळेत हिंदी, तीन महिने तोंडातून शब्द नाही. बांधकामावर जाऊन तिच्या आईकडून वीस-पंचवीस शब्द लिहून आणले, वहीच्या मागच्या पानावर. हातच्याची वजाबाकी त्या शब्दांत सांगितली तेव्हा पहिल्यांदा पाटीवर हात चालला तिचा. आणि तुम्ही म्हणता पोरं पळतात.

रामबागकर:
पळतात असं मी म्हटलेलं नाही, उगाच माझ्या तोंडी घालू नका! माझी आजी याच गावात मराठीत शिकली, ते गेलं याचं दुःख मला होणारच.

परदेशीपुरा:
होऊ द्या ना. मग तिच्या बारेलीचंही होऊ द्या.

रामबागकर:
बरं. 100 च्या पटाचं मला माहीत नव्हतं, ते मान्य. पण मास्तरांना बीएलओ करणं तरी बंद करा.

मास्तरीणबाई:
कसं करणार, आरटीईच्याच कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांना सूटच आहे. आणि भगोरियाचं म्हणता तर यंदा अकरा मुलं अजून आलेली नाहीत. नाव कापायला वरून सांगतात. मी कापलेलं नाही, एकीची आई गव्हाची कापणी झाली की आणते म्हणालीये.