मानसिक आघाताच्या उपचारात शरीराला किती जागा द्यायची?

मेघना_प
अपघातातून वाचलेल्या माणसाला कितीही समजावा की धोका टळलाय, ट्रकचा हॉर्न वाजला की त्याचे खांदे वर चढतात, श्वास अडकतो. डोक्याला पटलेलं असतं, अंगाला नाही. अमेरिकी थेरपिस्ट पीटर लव्हीन यांची ‘सोमॅटिक एक्स्पिरिअन्सिंग’ ही शरीराच्या संवेदनांतून उपचार करण्याची पद्धत इथूनच सुरू होते. त्यात घटना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावत नाहीत. आठवणीचा छोटासा तुकडा घ्यायचा, छातीत-पोटात काय होतंय ते न्याहाळायचं आणि लगेच लक्ष टेकलेल्या पाठीकडे, जमिनीवरच्या तळपायांकडे आणायचं. मग पुन्हा तुकडा, पुन्हा तळपाय.

आघातावर संशोधन करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोक आणि सहकाऱ्यांचा २०१४चा अभ्यासही पाहा. इतर उपचारांनी बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रिया, १० आठवडे योग. शेवटी योगगटातल्या ५२ टक्के जणी पीटीएसडीच्या (आघातानंतर टिकून राहणाऱ्या तणावविकाराच्या) निकषांबाहेर आल्या, दुसऱ्या गटातल्या २१ टक्के. माझ्या मते आघाताच्या रुग्णाची सुरुवात शरीरापासूनच व्हायला हवी.

निशिगंध
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि मला हे मान्य नाही. त्या अभ्यासात दुसऱ्या गटाला स्त्री-आरोग्याचे वर्ग दिले होते. योगाची तुलना आघातावरच्या प्रस्थापित मानसोपचाराशी झालेलीच नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी आघात-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारा मानसोपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत आठवणीवर काम करण्याची पद्धत) आहेत, सोमॅटिक एक्स्पिरिअन्सिंग नाही.

‘आठवणी स्नायूंत साठतात’ हे तर सर्रास ऐकू येतं. आठवण मेंदूत असते, स्नायू मज्जासंस्थेच्या हुकमाने आवळतात. शरीरातून मनावर उपचार करण्याच्या या परंपरेचे आद्य पुरुष म्हणजे मनोविश्लेषक विल्हेल्म राइश. माणूस भावना दाबतो तेव्हा अंगावर जणू चिलखत चढतं, हे त्यांचं निरीक्षण तीक्ष्ण होतं. पण पुढे ते ‘ऑर्गोन’ नावाच्या, कधीच सिद्ध न झालेल्या ऊर्जेच्या पेट्यांच्या नादी लागले आणि १९५७ साली अमेरिकेत तुरुंगात वारले. पुराव्याचा लगाम सुटला की काय होतं, ते यात दिसतं.

वाटसरू
मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करतो. मानदुखी घेऊन येणाऱ्या काहींच्या एमआरआयमध्ये काहीच सापडत नाही, पण मानेला हात लावला की डोळे भरून येतात. त्यांना ‘मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा’ म्हटलं तर ‘मी काय वेडा आहे का?’ म्हणून उठून जातात. अंगदुखीबद्दल मात्र तासभर बोलतात. निशिगंध, आपल्याकडे माणसं ज्या दारातून येतात ते दार शरीराचं आहे. तिथेच उभं राहून त्यांच्याशी बोलायला नको का?

अनुजा_ठाणे
बोला, पण पुढे त्यांना सांभाळणार कोण? माझी मैत्रीण शनिवार-रविवारच्या एका ‘भावनामुक्ती’ शिबिराला गेली. जोरजोरात श्वास, अंग थरथरवणं, अनोळखी माणसांचा स्पर्श. लहानपणच्या अत्याचाराची आठवण उसळून वर आली. रविवारी संध्याकाळी सगळे आपापल्या घरी, आणि तिला फोन करायला एकही माणूस नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ‘बॉडी थेरपिस्ट’ची पाटी लावायला काय लागतं? स्पर्श करण्याआधी विचारणं, नाही म्हटलं तर थांबणं, हेसुद्धा तिथे कुणी पाळलं नाही.

मेघना_प
अनुजा, हे ऐकून फार वाईट वाटलं. मैत्रिणीसोबत आता कुणी जाणकार आहे ना? लव्हीनच्या पद्धतीत नेमकं हेच टाळायचं असतं. एकदम उसळू द्यायचं नाही, थेंबाथेंबाने घ्यायचं.

निशिगंध
नोंदणीच्या मुद्द्यावर अनुजाशी शंभर टक्के सहमत. मेघना, आम्ही शरीर वगळतो असंही नाही. पॅनिक अटॅक (अचानक तीव्र भीतीचे झटके) येणाऱ्या रुग्णाला आम्ही मुद्दाम खुर्चीवर गरगर फिरवतो, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतो. धडधडीने आपण मरत नाही, हे त्याला स्वतःच्या अंगावर अनुभवता येतं. त्याला भक्कम पुरावा आहे.

मेघना_प
त्यासाठी धडधड जाणवावी तर लागते! बालपणी अत्याचार सोसलेल्या काहींना मानेखाली काहीच जाणवत नाही. विचारलं की ‘सुन्न’ एवढंच उत्तर येतं. अशा व्यक्तीला थेट घटनेसमोर उभं केलं तर ती आणखी बधिर होते किंवा उपचार सोडून जाते. आधी तळपाय जमिनीला टेकल्याचं कळणं, श्वास लांबवता येणं, नको असेल तिथे हाताने थांबवता येणं. मी म्हणते ती सुरुवात हीच.

निशिगंध
मग ती पूर्वतयारी झाली, उपचार नव्हे. आणि पूर्वतयारीसाठी सगळ्यांचा मूळ उपचार लांबवायलाही माझा विरोध आहे. अनेकांना तिची गरज नसते. अशा सुन्न रुग्णांचे दोन गट करा : एकाला थेट आघात-केंद्रित उपचार, दुसऱ्याला आधी शरीरावरचं काम आणि मग तोच उपचार. सोडून जाणारे कुठे कमी आणि वर्षानंतर बरे कुठे जास्त, ते मोजा. दुसरा गट सरस ठरला तर मी माझी पद्धत बदलेन.