गोचीडताप: तुमच्या कुत्र्यांचे अनुभव लिहा

मागच्या भाद्रपदात आमच्या मोतीनं तूप लावलेली पोळी हुंगून सोडली. ताप १०४. 'पोट बिघडलंय' म्हणत एका दवाखान्यानं सुई टोचून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त. दुसरीकडे रक्त तपासलं तर प्लेटलेट १८ हजार; एरवी २ लाखांच्या पुढे असतात. निदान एर्लिकिया, म्हणजे गोचिडीतून येणारा जंतू. डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी २८ दिवस, तेही भरल्या पोटी, नाहीतर ओकून टाकायचा. आठव्या दिवशी हा चेंडू घेऊन दारात उभा! मलाही गोळ्या बंद कराव्याशा वाटल्या होत्या, खोटं कशाला बोलू. तुमचं काय झालं?

नाशिक: आमच्या राणीची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, हिरड्या पांढऱ्याफटक. बेबेसिया, म्हणजे गोचिडीतून आलेला जंतू तांबड्या पेशीच फोडतो. शेजारच्या लॅब्राडॉरचं रक्त चढवलं. आता त्या लॅब्राडॉरला राखीला पेढा नाही, उकडलेलं अंडं मिळतं.

सातारा, गावाकडून: आमच्यात रॉकेलचा बोळा फिरवायची रीत. शेरूची कातडी सोलून निघाली. डॉक्टरांनी चिमटा हातात दिला: कातडीलगत धरायची, सरळ ओढायची, बोटानं चिरडायची नाही.

ठाणे, चौथा मजला: गोळी दिली, कुत्रा स्वच्छ, पंधरवड्यात पुन्हा गोचिडी. एके रात्री पडद्यामागे भिंतीवर चढताना दिसल्या! ही तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली उतरते आणि फटीत हजारो अंडी घालते. आम्ही कुत्र्याला धूत बसलो होतो, पिलावळ स्कर्टिंगमागे. सोफा हलवला, फटी सिमेंटनं बुजवल्या, कीडनाशकवाल्याला दोनदा बोलावलं. तेव्हा कुठे सुटलो.

पणजी: आमच्याला हेपॅटोझून, हाही गोचिडीचाच जंतू. पण तो चावण्यातून होत नाही, कुत्र्यानं गोचीड गिळली की होतो. अंग चाटताना गिळली असणार.

पुणे: घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिनचे थेंब (गोचिडीचं औषध) कुत्र्यालाही लावू नका, मांजराला ते विषारी. दोघं एका गादीवर झोपायची. मनीला झटके आले. वाचली.

पपईच्या पानांच्या रसानं प्लेटलेट वाढतात का, असं कुणीतरी विचारलंय. रस पाजला होता, मोतीनं निम्मा माझ्या साडीवर उडवला. गुण डॉक्सीचाच, असं माझं मत. काल त्याच्या कानात पुन्हा एक सापडली. आज सोफा हलवतेय.