दिवाळीआधी दोन दिवस: कास नको, भंडारदरा

पुण्याहून ऑक्टोबरअखेर, सोबत सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा, कास की भंडारदरा असं विचारलंय, म्हणून सांगते. कास पठारावरचा फुलांचा बहर तोवर ओसरलेला असतो. भंडारदराच करा.

संगमनेर-अकोलेमार्गे जा, वाटेत राजूरला पेढे घ्यायला थांबा (आमच्याकडे पुडा धरणापर्यंत टिकत नाही). प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ सालचं. या दिवसांत ते काठोकाठ असतं, पण गर्दी पावसाळ्यातली नसते. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर मात्र सकाळी लवकर गाठा. पुष्करणीच्या पाण्यात कोनाडे जसेच्या तसे उमटलेले दिसतात, भिंतीवरच्या कोरीवकामात बोटाएवढ्या नर्तकी. सासूबाई तिथेच पायरीवर तासभर रमतील, आमच्या आई उठायलाच तयार नव्हत्या. दुपारी घाटघरचा कोकणकडा.

तुम्हाला कुणीतरी सांदण दरीही (खडकातली अरुंद घळ) सुचवलीय. ऑक्टोबरात तिथे पाणी असतं, पोराला घेऊन अजिबात नको. कळसूबाईही (१६४६ मीटर, लोखंडी शिड्या) या खेपेला राहू द्या.

आणि हो, स्वेटर घ्याच. दुपारी ऑक्टोबर हिट, पहाटे मात्र धरणाकाठी हुडहुडी भरते. जेवणाला पिठलं-भाकरी हवी तर पोचल्यावर नाही, निघतानाच मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून सांगून ठेवा.